पंपाच्या स्टार्टरमधील कॉन्टॅक्टर कसा निवडावा

विहिरीवर विजेची मोटर बसविणारा शेतकरी मोटरीसाठीं चार दुकानें हिंडतो, पाइपाची जाडी बोटांनीं चाचपून पाहतो, केबलमधील तांब्याविषयीं वायरमनशीं वाद घालतो. परंतु भिंतीवर टांगावयाच्या स्टार्टरच्या पेटींत काय आहे, हें तो बहुधा विचारीत नाहीं. पेटीस रंग चांगला दिलेला आहे, एक हिरवें व एक लाल बटण आहे, एवढ्यावर त्याचें समाधान होतें. आमचेंही तसेंच झालें होतें. त्या समाधानाची किंमत आम्हांस एक मोटर व दीड एकर भुईमूग या रूपानें द्यावी लागली, आणि घरांतील एका मुलाच्या जिवावर बेतलें होतें तें थोडक्यांत टळलें. आम्ही वीजशास्त्राचे पंडित नाहीं. शिक्षण मराठी शाळेंतलें, आणि नोकरी महसूल खात्यांत उतारे लिहिण्यांत गेली. पण नुकसान सोसल्यावर जाणत्या वायरमनांजवळ बसून आणि मालावरील पाट्या वाचून जें समजलें, तें शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहों.

पेटींतील मुख्य वस्तु म्हणजे कॉन्टॅक्टर. याची रचना अगदीं साधी आहे. लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तारेची एक कॉईल गुंडाळलेली असते. हिरवें बटण दाबलें कीं कॉईलमधून वीज वाहते, गाभा लोहचुंबक होतो, आणि समोरची हलती चौकट खाडकन् ओढून घेतो. त्या चौकटीवर चांदीच्या मिश्रधातूचे टिकले लावलेल्या तीन पट्ट्या असतात. त्या एकदमच तीन फेजांच्या स्थिर टिकल्यांस जाऊन भिडतात व मोटर सुरू होते. बटणावरचें बोट काढलें तरी एक लहानसा जादा जोड कॉईलची वीज चालू ठेवतो. लाल बटणानें हा जोड तुटतो, चुंबक सुटतो, स्प्रिंग चौकटीस मागें ढकलते, मोटर थांबते. वीज गेली तरी असेंच होतें. म्हणूनच वीज परत आल्यावर मोटर आपोआप सुरू होत नाहीं, आणि ती व्हावी म्हणून लोक ‘ऑटो’ बसवितात. त्या ऑटोविषयीं पुढें बोलूं.

आतां या तीन जोडांवर भार कोणता पडतो तें पहा. मोटरीच्या पाटीवर समजा १२ अँपिअर लिहिलेले आहेत. तो आंकडा मोटर पूर्ण वेगांत पूर्ण भारानें चालतांनाचा. थेट सुरू होणारी मोटर पहिल्या क्षणीं त्याच्या सहा ते सातपट प्रवाह ओढते, म्हणजे सत्तर-ऐंशी अँपिअर. कॉन्टॅक्टरच्या टिकल्या नेमक्या त्याच क्षणीं एकमेकांवर आपटत असतात. आपटून त्या किंचित् उसळतात, मध्यें ठिणगी पडते, चांदी क्षणभर वितळते आणि पुन्हां दाबली जाते. जोड पुरेसा मोठा असेल तर तो हें लाखों वेळां सोसतो. लहान असेल तर एके दिवशीं वितळलेली चांदी दोन्ही टिकल्यांस डाक दिल्याप्रमाणें चिकटवून टाकते.

आमच्याकडे हेंच घडलें. सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यांत, म्हणजे २०२३ सालीं, विहिरींतील ओट्यावर बसविलेली आमची साडेसात अश्वशक्तीची मोटर चालू होती. मोटरीच्या पाटीवर साडेअकरा अँपिअर होते. आदल्या वर्षीं जुना कॉन्टॅक्टर गेला तेव्हां तालुक्याच्या एका दुकानदारानें आम्हांस नवा दिला. “भाऊसाहेब, पंचवीस अँपिअरचा घ्या, तुमच्या मोटरीच्या दुपटीहून जास्त; जन्माचें काम झालें,” असें तो म्हणाला. डब्यावर २५ हा आंकडा ठळक छापलेला आम्हीं स्वतः पाहिला, आणि किंमतही कमी, म्हणून आनंदानें घेऊन आलों.

एप्रिलांतील एका रात्रीं पाळीची वीज होती. पुतण्या पाणी भरून परत आला आणि म्हणाला, “काका, लाल बटण दाबलें तरी मोटर थांबेना, उलट गुरगुरते आहे.” आम्ही बॅटरी घेऊन विहिरीवर पोंचेपर्यंत जळक्या वार्निशाचा वास सुटला होता व मोटर मुकी झाली होती. मुलास वाटलें, उशिरां कां होईना, थांबली. तो काय झालें तें पाहण्यास पायऱ्या उतरूं लागला. शेजारच्या वस्तीवरील एक वायरमन वास आल्यानें धांवत आला होता, तो ओरडला, “अरे थांब, आधीं मेन ओढ!” आणि त्यानें आपला टेस्टर पेटीच्या मोटरीकडील टोकांस लावला. तीनांपैकीं दोन टोकांवर दिवा लागला. लाल बटण दाबलेलें, मोटर शांत, आणि तरीही दोन फेजा मोटरीपर्यंत जिवंत! आंतील वेष्टन जळून वीज मोटरीच्या अंगावर उतरली होती. ओल्या ओट्यावर उभें राहून त्यानें तिला हात लावला असता तर काय झालें असतें, हें लिहिण्याची आवश्यकता नाहीं.

दुसरे दिवशीं पेटी उघडली तेव्हां सर्व उलगडा झाला. दोन जोड चिकटून बसले होते, तिसरा सुटला होता. म्हणजे बटण दाबल्यावर मोटर बंद होण्याऐवजीं दोन फेजांवर रखडत राहिली व जळाली. पेटींत ओव्हरलोड रिलेही होता, पण त्याचा उपयोग शून्य. कारण रिले स्वतः मोटरीची वीज तोडीत नाहीं, तो फक्त कॉईलची वीज तोडतो. कॉईल सुटूनही जोड जर चिकटलेलेच, तर रिलेनें काय करावें? राहिला फ्यूज, तेथें आमच्याच पुतण्यानें वारंवार उडतो म्हणून तांब्याची जाड तार घातली होती. दोष एकट्या दुकानदाराचा नव्हे हें कबूल केलें पाहिजे. मोटर भरून येण्यास सहा दिवस लागले. भुईमुगाच्या आऱ्या जमिनींत शिरावयाच्या त्या दिवसांत; माती कडक झाली, आऱ्या वरच वाळल्या, आणि पुढें पाणी देऊनही शेंग धरली नाहीं.

मग २५ हा आंकडा खोटा होता काय? नव्हता, आणि हीच या लेखांतील मुख्य गोष्ट आहे. कॉन्टॅक्टरच्या अंगावरील पाटी बारकाईनें वाचली तर तीवर इंग्रजी अक्षरांत ‘एसी’ व त्यापुढें १, ३, ४ असे आंकडे दिसतात. हे कामाचे वर्ग आहेत. भारतीय मानक आयएस/आयईसी ६०९४७ यांत त्यांच्या परीक्षा ठरवून दिल्या आहेत. एसी-१ म्हणजे शेगडीसारखा शांत भार, जो सुरू होतांना झटका देत नाहीं. एसी-३ म्हणजे आपल्या नेहमींच्या पिंजरा मोटरी, थांबलेल्या अवस्थेंतून सुरू करावयाच्या आणि पूर्ण वेगांत असतां बंद करावयाच्या. या परीक्षेंत जोडतांना सहापट प्रवाह जोडावयाचा व तोडतांना एकपट तोडावयाचा असतो. एसी-४ मध्यें जोडतांनाही सहापट व तोडतांनाही सहापट. एसी-२ हा वर्ग स्लिपरिंग मोटरींचा, त्याच्याशीं विहिरीवर आपला संबंध नाहीं. एकच कॉन्टॅक्टर एसी-१ मध्यें २५ अँपिअरचा व एसी-३ मध्यें केवळ ९ अँपिअरचा असतो, आणि असे नग बाजारांत सर्रास आहेत. आम्हांस मिळालेला त्यांतलाच. साडेअकरा अँपिअरच्या मोटरीवर आम्हीं ९ अँपिअरचा जोड घातला आणि दुप्पट मोठा घातला म्हणून निर्धास्त झोपलों!

ज्यानें पस्तीस वर्षें सात-बारा लिहिला त्यानें तरी फसावयाचें नव्हतें. उताऱ्यावर एकूण क्षेत्र दोन हेक्टर असतें, आणि खालीं पोटखराब चाळीस आर लिहिलेला असतो. जमीन घेणारा कोणी शहाणा एकूण क्षेत्रावर भाव करीत नाहीं. पोटखराब वजा जातां लागवडीस किती, हें पाहतो. एसी-१ चा ठळक आंकडा हें कॉन्टॅक्टरचें एकूण क्षेत्र समजा. मोटर पेरावयाची ती एसी-३ मध्यें. दुकानांत शिरतांच विचारावें, “एसी-३ मध्यें, ४१५ व्होल्टवर, किती अँपिअर?” आणि उत्तर तोंडी न घेतां पाटीवर बोट ठेवून घ्यावें. कित्येक पाट्यांवर अँपिअरऐवजीं किलोवॅट दिलेले असतात. तेथेंही व्होल्टेजचा रकाना पाहावा, कारण प्रत्येक व्होल्टेजास किलोवॅटचा आंकडा निराळा असतो.

मोटरीचा प्रवाह तिच्या पाटीवरून घ्यावा हें उत्तम. पाटी गंजून गेली असेल तर ४१५ व्होल्टवरील तीन फेजांच्या मोटरीस दर अश्वशक्तीस सुमारें दीड अँपिअर धरावे. पांच अश्वशक्तीस साडेसात ते आठ, साडेसातीस अकरा ते बारा, दहास पंधरा. पाणबुडी मोटर तेवढ्याच अश्वशक्तीस याहून थोडा जास्त प्रवाह घेते, म्हणून तिच्या बाबतींत पाटीच पाहावी. कॉन्टॅक्टर बहुधा ९, १२, १८, २५, ३२ अशा पायऱ्यांनीं मिळतात. कारखान्यांत १२ अँपिअरच्या मोटरीस एसी-३ मधील १२ चा कॉन्टॅक्टर चालतो. शेतावर आम्ही तसें करणार नाहीं. एक पायरी वर जाऊन १८ चा घ्यावा. व्होल्टेज पांचवा हिस्सा उतरलें आणि मोटरीकडून काम तेवढेंच घ्यावयाचें, तर प्रवाह सुमारें चौथा हिस्सा वाढतो. शिवाय फूटव्हॉल्व्ह गळून पंपानें पाणी सोडलें म्हणजे आपण बटण दाबतों, लगेच बंद करतों, पुन्हां दाबतों. मोटर वेगांत येण्यापूर्वीं असें तोडणें म्हणजे सहापट प्रवाह तोडणें. तो एसी-४ चा भार झाला, एसी-३ चा उरला नाहीं. दोन पायऱ्यांमधील किंमतीचा फरक मोटर एकदां भरून आणण्याच्या खर्चापुढें कांहींच नाहीं. नवीन उच्च कार्यक्षमतेच्या मोटरी वीज कमी खातात, पण सुरू होतांना झटका अधिक देतात. त्यांच्यासाठीं २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकांत एसी-३ई असा स्वतंत्र वर्ग घातलेला आहे. अशी मोटर घेणारानें तो शब्द पाटीवर शोधावा.

जोडांइतकीच कॉईलची निवड महत्त्वाची आहे, आणि शेतावरील बहुतेक भानगडी हिच्यापासूनच उद्भवतात. पहिली गोष्ट, कॉईल किती व्होल्टची? २३० व्होल्टची कॉईल एक फेज व न्यूट्रल यांवर चालते. ४१५ ची दोन फेजांवर. विहिरीवर न्यूट्रलचा भरंवसा नसतो, आणि कित्येक ठिकाणीं न्यूट्रलऐवजीं अर्थिंगची तार जोडून काम भागवितात, हें तर उघड उघड जिवावरचें. म्हणून शेतावर ४१५ चीच कॉईल घ्यावी. २३० ची कॉईल नजरचुकीनें दोन फेजांवर जोडली तर ती पाहतां पाहतां जळते.

दुसरी गोष्ट, ती किती व्होल्टेजपर्यंत ओढते? मानकाप्रमाणें कॉईलनें आपल्या व्होल्टेजच्या ८५ टक्के ते ११० टक्के यांमध्यें चौकट नीट ओढली पाहिजे. ४१५ चे ८५ टक्के म्हणजे सुमारें ३५३ व्होल्ट. एकदां ओढल्यावर मात्र ७५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारें ३११ व्होल्टपर्यंत, ती सोडीत नाहीं. चालू असलेली मोटर चालत राहते पण बंद केली कीं पुन्हां उचलत नाहीं, हा अनुभव ज्यांस येतो त्यांस त्याचें कारण येथें मिळेल. व्होल्टेज या दोन आंकड्यांच्या मध्यें आहे. याहून वाईट अवस्था म्हणजे काठावरची. चुंबक ओढतो, मोटर झटका घेते, त्या झटक्यानें व्होल्टेज पडतें, चुंबक सोडतो, व्होल्टेज चढतें, पुन्हां ओढतो. पेटी टाळ वाजविल्यासारखी खडखडते. त्या प्रत्येक खडखडाटास सहापट प्रवाहाची एक ठिणगी पडते, आणि वर्षभराचें आयुष्य दोन मिनिटांत संपतें. असा आवाज ऐकूं येतांच लाल बटण दाबून स्वस्थ बसावें. व्होल्टेज सुधारल्याखेरीज पुन्हां हात लावूं नये.

यावर उपाय म्हणून शेतीच्या स्टार्टरांत कमी व्होल्टेजवरही ओढणाऱ्या कॉईली मिळतात. त्या खडखडाट टाळतात व आमच्या मतें घेण्याजोग्या आहेत, पण त्यांनीं मोटरीचें बळ वाढत नाहीं. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणें घटतो. ३३२ व्होल्टवर, म्हणजे ८० टक्क्यांवर, तो ६४ टक्के राहतो. २५० व्होल्टवर ३६ टक्केच. कॉईलनें ओढलें तरी मोटर उठेलच असें नाहीं, आणि न उठणारी मोटर सहापट प्रवाह पीत उभी राहते. म्हणून अशा कॉईलीबरोबर व्होल्टेज फार उतरल्यास व एखादी फेज गेल्यास कॉईल सोडविणारें साधनही पेटींत असावें. फेज गेली म्हणजे कॉन्टॅक्टर आपोआप सुटेल, या समजुतीवर कोणी विसंबूं नये. कॉईल ज्या दोन फेजांवर आहे त्या सोडून तिसरी गेली तर तिला कळतच नाहीं; आणि तिच्यांतलीच एक गेली तरी फिरत्या मोटरींत उत्पन्न होणारें व्होल्टेज कधीं कधीं तिला धरून ठेवतें.

कॉन्टॅक्टर धरीत नाहीं म्हणून चौकटीखालीं लांकडाची पाचर ठोकणारे शूर लोकही आम्हीं पाहिले आहेत. पाचर ठोकली कीं लाल बटण, रिले, फेजचें साधन, सगळीं एकाच वेळीं निकामी झालीं. आमच्या चिकटलेल्या जोडांत आणि या पाचरीत फरक एवढाच, कीं आमचें नकळत झालें.

ऑटोविषयीं आमचें मत कडक आहे. एका डीपीवरील वीस विहिरींस ऑटो असला, तर वीज येतांच वीस मोटरी एकाच क्षणीं सहापट प्रवाह मागतात. व्होल्टेज कोसळतें, वीसही पेट्या खडखडतात, आणि कोणाची तरी टिकली चिकटते किंवा डीपीच जळतो. महावितरणही ऑटो काढण्याचें आवाहन वेळोवेळीं करीत आलें आहे. रात्रीच्या पाळीमुळें ज्यांस तो काढवत नाहीं, त्यांनीं निदान वेळ लांबविणारा ऑटो घेऊन शेजाऱ्यांशीं बोलून अंतर ठरवावें: एकाची मोटर वीज आल्यावर एका मिनिटानें, दुसऱ्याची दोन मिनिटांनीं. पाण्याच्या पाळ्या ठरवितां येतात, तर या कां ठरवितां येऊं नयेत?

रिले मोटरीच्या पाटीवरील प्रवाहावर लावावा. सारखा पडतो म्हणून कांटा पुढें सरकवूं नये. फ्यूज योग्य मापाचा असावा. कॉन्टॅक्टर शॉर्टसर्किट तोडण्यासाठीं नाहींच. तें काम फ्यूजचें.

मोठ्या मोटरींस स्टार-डेल्टा स्टार्टर असतो व त्यांत तीन कॉन्टॅक्टर असतात. मेन व डेल्टा या दोघांतून मोटरीच्या प्रवाहाचे ५८ टक्के जातात, स्टारमधून ३३ टक्के. २८ अँपिअरच्या मोटरीस पहिले दोन एसी-३ मधील १८ चे व स्टारचा १२ चा पुरे. रिले मोटरीच्या फेजांत बसविला असेल तर तोही ५८ टक्क्यांवर लावावयाचा, नाहींतर तो असून नसल्यासारखा.

सौरपंप घेणारांसाठीं एक सूचना. पटलांकडून येणारी वीज एकाच दिशेची असते. आपली नेहमींची वीज सेकंदास शंभर वेळां शून्यावर येते, त्या वेळीं ठिणगी विझते. पटलाच्या विजेंत तसा क्षण येत नाहीं. म्हणून घरांत पडलेला जुना कॉन्टॅक्टर पटलाच्या तारांवर बसवूं नये.

जपणुकीविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. पेटींत मुंग्या व पाली शिरतात. मुंग्यांचा थर चुंबकाच्या तोंडाशीं सांचला तर चौकट पूर्ण मिटत नाहीं, मध्यें फट राहते, कॉईल कित्येक पट प्रवाह ओढते व जळते. केबल शिरण्याचीं भोकें रबरानें बंद करावीं. डांबरगोळी ठेवण्याची वहिवाट चांगली आहे. चुंबकाचीं तोंडें कोरड्या फडक्यानें पुसावीं, तेल लावूं नये. चांदीच्या टिकल्या काळ्या पडल्या तरी कानशीनें घांसूं नयेत. तो काळा थर वीज अडवीत नाहीं, घांसल्यानें चांदी मात्र जाते. टिकल्या फार झिजल्या असतील तर तिन्ही एकदम बदलाव्या. हें सर्व करण्यापूर्वीं, आणि विहिरींत मोटरीस किंवा फूटव्हॉल्व्हला हात लावण्यापूर्वीं तर अवश्य, मेन स्विच खालीं ओढून फ्यूज काढून खिशांत घालावे व मग टेस्टर लावून पाहावें. लाल बटण दाबणें म्हणजे वीज तोडणें नव्हे.

आमच्या विहिरीवर आतां एसी-३ मधील १८ अँपिअरचा, ४१५ व्होल्ट कॉईलचा कॉन्टॅक्टर आहे. पेटीच्या दाराच्या आंतील बाजूस आम्हीं एक कागद चिकटविला आहे: मोटरीचा प्रवाह, कॉन्टॅक्टरचा एसी-३ चा आंकडा, कॉईलचे व्होल्ट, रिलेचा कांटा कोठें, फ्यूज केवढा, आणि प्रत्येक वस्तु बसविल्याची तारीख. पुतण्या याला काकांचें फेरफार रजिस्टर म्हणतो, पण परवां रिले बदलला तेव्हां त्याची नोंद त्यानेंच केली.